कागदी यंत्राची परीक्षा

एखादे यंत्र बांधून होण्यापूर्वीच ते वापरून पाहता येईल का? विमानाची लहान प्रतिकृती वातबोगद्यात ठेवून तिच्यावर वारा सोडतात, हे तुम्ही वाचले असेल. परंतु जेथे वारा किंवा भार मोजायचा नसतो, ‘माणसाला हे यंत्र समजते का?’ एवढेच पाहायचे असते, तेथे प्रतिकृती कशाची करावी? उत्तर ऐकून तुम्हाला हसू येईल. कागदाची!

एका कार्यालयाचे उदाहरण घेऊ. समजा, तीन मजल्यांवर मिळून सव्वाशे माणसे काम करतात. निरोप, परिपत्रके, रजेचे अर्ज हे सारे आजवर शिपाई आणि आवक-जावक वही यांच्या भरवशावर चालत आले. आता ते संगणकाच्या पडद्यावरून पाठवायचे ठरले. सहा महिने खपून कार्यक्रम लिहिला गेला, यंत्रणा सुरू झाली. पहिल्याच दिवशी एका कारकुनाने आपल्या आजारपणाविषयी साहेबांना खाजगी उत्तर लिहिले आणि ते सव्वाशे जणांच्या पडद्यावर झळकले!

चूक कोणाची? ‘त्याला संगणक कळत नाही’ असे म्हणून सगळे मोकळे होतील. पण नीट पाहिले तर ‘उत्तर’ आणि ‘सर्वांना उत्तर’ ही दोन बटणे अगदी शेजारी, सारख्याच आकाराची होती. बोट चुकण्याची सोय यंत्रानेच करून ठेवली होती. आता दुरुस्ती करायची तर लिहिलेला कार्यक्रम उसवावा लागणार. शिवाय बिचाऱ्या कारकुनाची शोभा झाली ती झालीच. ही खोट पेन्सिल आणि कागद घेऊन एका दुपारीच सापडली असती. ती कशी, ते पाहू.

प्रथम यंत्रणेचा प्रत्येक पडदा एकेका कागदावर हाताने काढायचा. बटणे, चौकटी, याद्या सगळे पेन्सिलीने. पडद्यावर मधूनच उमटणाऱ्या सूचना वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहायच्या. मग तीन प्रकारची माणसे लागतात. एक जण ‘यंत्र’ होतो. दुसरा त्या कार्यालयात खरोखर काम करणारा माणूस. तिसरा बाजूला बसून टिपणे घेणारा निरीक्षक. कारकुनाने कागदावरच्या बटणावर बोट टेकवले, की ‘यंत्र’ झालेला माणूस तो कागद काढून पुढचा कागद ठेवतो. चुकीच्या बटणावर बोट टेकवले, तर चुकीचाच कागद पुढे येतो! ‘यंत्रा’ने बोलायचे नाही, मान हलवायची नाही, भुवईसुद्धा उंचवायची नाही. खरा संगणक काही ‘अहो, ते नव्हे, शेजारचे’ असे सांगत नसतो. हा नियम पाळणे ऐकायला सोपे आहे, पण ज्याने पडदे काढले त्यालाच ‘यंत्र’ केले तर त्याच्या जिवाची फार घालमेल होते.

काम कसे सांगायचे यातही खुबी आहे. ‘परिपत्रक हे बटण दाबून नवे परिपत्रक पाठवा’ असे सांगितले तर उत्तर आपणच देऊन टाकले. म्हणून सांगायचे असे : ‘उद्या दुपारी पाणी येणार नाही, हे दुसऱ्या मजल्यावरच्या सर्वांना कळवा.’ आता तो ‘परिपत्रक’ शोधतो, ‘निरोप’ शोधतो की ‘सूचना’, ते पाहायचे. मनात येईल ते मोठ्याने बोलत राहण्याची विनंती त्याला करावी. ‘हं... हे दाबलं तर एकालाच जाईल बहुतेक... की सगळ्यांना?’ हे असे एक वाक्य निरीक्षकाला सोन्याच्या मोलाचे! आणि सुरुवातीलाच त्याला सांगून ठेवावे, की परीक्षा तुमची नाही, कागदाची आहे. अडलात तर गुण कागदाचे कापले जातील.

अशी किती माणसे बसवावीत? शंभर? याकोब निल्सन आणि टॉमस लँडाउअर या संशोधकांनी १९९३ साली अशा अनेक चाचण्यांची आकडेवारी तपासली. एका माणसाच्या चाचणीत एकूण दोषांपैकी सरासरीने सुमारे ३१ टक्के दोष उघडे पडतात, असे त्यांना आढळले. आता पाटी-पेन्सिल घ्या. १०० दोष असतील तर पहिल्या माणसाकडून ३१ कळले, ६९ उरले. दुसराही त्यातल्या बऱ्याच जागी अडखळतो ज्या पहिल्याने दाखवल्याच होत्या. नवे कळतात ते ६९ चे ३१ टक्के, म्हणजे सुमारे २१. तिसऱ्याकडून १५, चौथ्याकडून १०, पाचव्याकडून ७. बेरीज ८४! सहाव्यापासून श्रम तेवढेच, लाभ मात्र थोडा. म्हणून पाच जणांनंतर थांबावे, कागद सुधारावेत आणि मग नव्या पाच जणांना बसवावे. अर्थात ३१ हा आकडा सरासरीचा आहे. यंत्रणा गुंतागुंतीची असेल, किंवा वापरणारे लोक अगदी भिन्न प्रकारचे असतील, तर पाच माणसे पुरत नाहीत.

ही युक्ती केवळ गंमत म्हणून निघालेली नाही. १९८१ साली स्वीडन, डेन्मार्क या भागात ‘युटोपिया’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. वृत्तपत्रांच्या छापखान्यांत संगणक येऊ घातले होते. शिशाचे खिळे जुळवण्यात हयात घालवलेल्या कामगारांपुढे आपल्या कसबाचे काय होणार, हा प्रश्न होता. त्यांच्या संघटना आणि संशोधक एकत्र बसले. नवी यंत्रे हाताशी नव्हती. म्हणून त्यांनी कागद, पुठ्ठे, प्लायवूड यांची यंत्रे केली. एका रिकाम्या खोक्यावर नुसते ‘लेसर प्रिंटर’ असे लिहून ठेवले होते! खोक्यात काहीच नव्हते. तरीही पानाची मांडणी करणाऱ्यांना त्यावरून आपले जुने प्रुफाचे यंत्र आठवले, आणि तसेच काही नव्या पद्धतीत आपल्या हाताशी असावे, हे त्यांना उमगले. या पुठ्ठ्याच्या संगणकांविषयी पेले एन आणि मॉर्टेन क्यूंग यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये खेळाडूंसाठी आयबीएमने दूरध्वनीवरील निरोपयंत्रणा उभारली. एकाने आवाजात ठेवलेला निरोप दुसऱ्याने सवडीने ऐकायचा. बारा भाषा आणि जगभरची माणसे! जॉन गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्रणा बांधण्यापूर्वी ‘खेळाडू हे बटण दाबील, यंत्र असे म्हणेल’ असे संवादच कागदावर छापले व लोकांपुढे ठेवले. निरोपकेंद्राचा एक नमुना त्यांनी चक्क येण्याजाण्याच्या वाटेवर मांडला. जाणारा-येणारा थांबून शेरे मारी. खेळांच्या वेळी ती यंत्रणा चाळीस हजारांहून अधिक वेळा वापरली गेली.

कागद सर्वच काही सांगत नाही. यंत्रणा वेगवान आहे की मंद, ते त्यावरून कळणार नाही. ‘यंत्र’ झालेला माणूस कागद शोधण्यात दहा सेकंद घालवतोच. पडद्यावरची बारीक अक्षरे दिसतील का, दिवसभर वापरून बोटे दुखतील का, हेही नाही. पण कागदाचा एक मोठा गुण आहे. रेखीव, रंगीत, पूर्ण झालेल्या वस्तूला नावे ठेवायला माणूस कचरतो. पेन्सिलीच्या वेड्यावाकड्या चित्राला तो बेधडक नावे ठेवतो, आणि काढणाऱ्यालाही ते फाडताना वाईट वाटत नाही.

तुमच्या शाळेत शिपाई सूचनेची वही घेऊन वर्गावर्गातून फिरत असेल, तर तेच काम पडद्यावरून करणारी यंत्रणा कागदावर काढून पाहा. सात-आठ कागद पुरतील. मित्राला ‘यंत्र’ करा. मग कार्यालयातल्या बाईंना किंवा सरांना पाच मिनिटे मागून काम द्या : ‘शनिवारची शाळा सकाळची आहे, हे फक्त आठवी आणि नववीला कळवा.’ प्रत्येक कागदावर क्रमांक घाला, नाहीतर ‘यंत्रा’ची तारांबळ उडेल. बोट कोठे थांबले, कोठे परत फिरले ते लिहा. रद्द केलेले कागद तारीख घालून ठेवून द्या. दुसऱ्या फेरीत तीच चूक नव्या रूपात परत आली, तर ताडून पाहायला ते लागतील.