पावसात तडतडणारी कारवी

ठाण्यात वर्तकनगरहून उपवन तलावाकडे आलात की समोर येऊरचा डोंगर. त्याच्या उतारांवर कारवी वाढते. सरळसोट काठ्या, माणसाहून उंच, आणि इतक्या दाट की आत शिरायला जागा नाही! पावसाळ्यात खरखरीत हिरवी पानं, उन्हाळ्यात नुसत्या काठ्या. फूल? एकही नाही. सात वर्षं हेच.

आठव्या पावसाळ्यात मात्र अख्खा उतार जांभळा-निळा होतो. मधमाश्यांची चंगळ! मग कारवी बी धरते आणि मरून जाते. आयुष्यात फुलायचं एकदाच.

पण खरी गंमत पुढेच आहे. वाळलेल्या काठ्यांवर बोंडं घट्ट मिटून बसतात. आत प्रत्येक बी एका इवल्याशा आकड्यावर टेकलेलं असतं. पुढच्या वर्षीचा पहिला पाऊस येतो, कोरडं बोंड भिजतं आणि तट्! दोन फाका झटक्यात उघडतात, बी दूर भिरकावलं जातं. एक बोंड, दहा, शेकडो... रानभर तडतड सुरू! कोरड्या जमिनीवर पडून बी काय करणार? ओल हवी, म्हणून थांबायचं.

दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात याच्या उलट पाहायला मिळतं. तिथल्या ‘फेनबॉस’ नावाच्या झुडूपरानात रेस्टिओ वाढतात, बोरूसारख्या काड्यांचे. हे रान अधूनमधून पेटतंच. आग विझली की मोकळी जागा, भरपूर ऊन आणि राखेचं खत! अनेक रेस्टिओंचं बी तोवर मातीत झोपून राहतं आणि धुरातली रसायनं पाण्याबरोबर झिरपली की जागं होतं. बागेत रेस्टिओ लावणारे तर बी धुराच्या पाण्यात भिजवतात. येऊरवरही उन्हाळ्यात वणवे लागतात, बहुतेक माणसांमुळेच. पण कारवीला धूर नको, तिला पाऊसच हवा.

केपमध्ये रेस्टिओच्या काड्यांनी घरं शाकारतात. आपल्याकडे पाड्यांवर कारवीचा कूड घालतात. शेणामातीनं लिंपला की भिंत तयार. वारली चित्रं अशाच भिंतींवर काढली जातात.

येऊर ज्याचा भाग आहे, त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१६ साली कारवीचा मोठा बहर आला होता. आता आठ-आठ मिळवत चला : २०२४, मग २०३२. तेव्हा तुम्ही कितवीत असाल? मात्र सगळीकडची कारवी एकाच वर्षी फुलत नाही. एखादा जांभळा पट्टा मधल्या वर्षीही सापडतो, तेव्हा दर सप्टेंबरात डोंगराकडे नीट बघा.