कानबान : तेहेतीस कार्डांचा हिशेब

‘कानबान’ म्हणजे पाटी. दुकानावर टांगलेली असते तशी. टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांनी या साध्या जपानी शब्दाला नवे काम दिले. अमेरिकी सुपरमार्केटची रीत त्यांच्यासमोर होती : गिऱ्हाईक फळीवरून हवे तेवढे उचलते आणि दुकानदार रिकाम्या जागेपुरताच माल भरतो. १९५३ साली ओनोंनी यंत्रशाळेत हीच रीत सुरू केली. १९६२पर्यंत ती कंपनीभर पसरली. सुट्या भागांच्या प्रत्येक पेटीला एक कार्ड. पेटी वापरायला घेतली की कार्ड सुटते, मागच्या विभागाकडे जाते आणि तेथे एक पेटी भरण्याचा हुकूम ठरते. कार्ड नसेल तर माल करायचा नाही. त्यामुळे कारखान्यात जास्तीत जास्त साठा किती, हे कार्डांच्या संख्येनेच ठरते.

मग कार्डे किती छापायची? रोजच्या गरजेला, कार्ड सुटल्यापासून भरलेली पेटी परत येईपर्यंतच्या काळाने गुणायचे. त्यात सुरक्षेसाठी थोडी वाढ धरायची आणि एका पेटीत मावणाऱ्या नगांनी भागायचे. समजा, रोज १२०० नग लागतात, फेरीला अर्धा दिवस जातो, पेटीत २० नग मावतात आणि सुरक्षा १० टक्के धरली. अर्ध्या दिवसाचे ६०० नग, वाढीसह ६६०, भागिले २० : म्हणजे ३३ कार्डे.

घरातल्या दोन गॅस सिलिंडरांमागे हेच तत्त्व आहे. एक संपला की दुसरा जोडायचा आणि नोंदणी करायची. दुसरा संपायच्या आत भरलेला यायला हवा. गणितात याचे मूळ रांगांच्या शास्त्रात सापडते. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम सांगतो, की व्यवस्थेत सरासरी जेवढे असतात, ते येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा काळ एवढेच असतात.

गरज, वेळ आणि पेटीचे माप मोजता येते. सुरक्षेचा आकडा मात्र ठरवावा लागतो. माझ्या मते या सूत्राचे मर्म तिथे आहे. यंत्र बिघडेल, माल सदोष निघेल, गाडी उशिरा येईल, या सगळ्या अविश्वासाची ती बेरीज असते. ती वाढवली की दोष साठ्याखाली झाकले जातात. म्हणून टोयोटाची शिस्त उलटी : एखादे कार्ड काढून घ्यायचे, काम कुठे अडते ते पाहायचे, आणि तेथले कारण दूर करायचे. मोठ्या दाबयंत्रांचे साचे बदलायला पूर्वी तास लागत. १९७०च्या सुमारास तेच काम तीन मिनिटांवर आले. लहान घाणे परवडू लागले, फेरी छोटी झाली. आपल्या उदाहरणात फेरी पाव दिवसाची झाली, तर हिशेब साडेसोळा येतो, म्हणजे १७ कार्डे पुरतात.

पण फेरीचा वेळ न घटवता नुसतीच कार्डे घटवली, तर? मग साठा नाहीसा होत नाही. तो पुरवठादाराच्या गोदामात आणि कामगाराच्या जादा तासांत जाऊन बसतो. मोठ्या कारखान्याच्या कागदावर बचत दिसते, तिची किंमत लहान कारखाना मोजतो.

१ फेब्रुवारी १९९७ रोजी कारिया येथील आइसिन सेइकीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांना लागणारी ब्रेकची एक छोटी झडप जवळजवळ सगळी तेथेच बनत असे. साठा इतका थोडा होता, की टोयोटाचे बहुतेक कारखाने काही दिवस बंद पडले. दहा टक्क्यांची सुरक्षा रोजच्या चढउतारांसाठी असते, आगीसाठी नव्हे. मात्र अनेक पुरवठादारांनी मोबदल्याची घासाघीस न करता आपापल्या यंत्रांवर त्या झडपा बनवायला घेतल्या आणि आठवड्याभरात उत्पादन बरेचसे रुळावर आले.

त्या पुरवठादारांचा भरवसा कोणत्याही कार्डावर छापलेला नव्हता. तेहेतीसची सतरा कार्डे करू पाहणाऱ्याने म्हणूनच आधी दोन गोष्टी तपासाव्यात : फेरीचा वेळ खरोखर घटला आहे का, आणि उरलेल्या सोळा पेट्या आता कोणाच्या दारात उभ्या आहेत.