उपरोधकथेतील युद्ध आणि नियती : धर्मसुधारणेपासून ‘सिम्प्लिसिसिमुस’पर्यंत

धर्मसंस्थेतील भ्रष्टाचारास प्रॉटेस्टंट विचारवंतांनी दिलेले आव्हान आणि युद्धाचे उपरोधपूर्ण चित्रण करणारी कादंबरी हे विषय वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांत बहुधा निरनिराळ्या प्रकरणांत विभागले जातात. पहिला सोळाव्या शतकाचा, दुसरा सतराव्या शतकाचा. परंतु जर्मन भाषेच्या प्रदेशात या दोहोंमधून एकच प्रश्न सलगपणे वाहताना दिसतो. माणसाचे भवितव्य कोणाच्या स्वाधीन आहे आणि त्याबद्दल जाब कोणास विचारावयाचा, हा तो प्रश्न होय. त्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

वादाचा आरंभ एका व्यवहारातून झाला. पापाची कबुली दिल्यानंतर दोष नाहीसा झाला तरी काही दंड भोगावयाचा उरतो, आणि तो मरणोत्तर शुद्धिस्थानात भोगावा लागतो, अशी मध्ययुगीन चर्चची शिकवण होती. हा दंड क्षमापत्राने माफ होई. १५१५ साली पोप दहावा लिओ याने रोममधील सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी क्षमापत्रांच्या वितरणास अनुमती दिली. माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट याने आपले पद मिळविण्यासाठी फुगर या सावकारी पेढीकडून कर्ज काढले होते. जर्मनीतील उत्पन्नाचा अर्धा वाटा रोमला आणि अर्धा या कर्जाच्या फेडीसाठी, अशी व्यवस्था ठरली. योहान टेट्झेल हा धर्मोपदेशक गावोगावी क्षमापत्रांचा प्रचार करू लागला. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथर याने याच आल्ब्रेख्टकडे आपली ९५ विधाने धाडली.

या विधानांचा पाया भाषिक आहे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकास विशेष महत्त्वाची वाटेल. बायबलच्या प्रचलित लॅटिन भाषांतरात येशूच्या उपदेशातील मूळ ग्रीक क्रियापदासाठी जो शब्दप्रयोग होता, त्याचा अर्थ ‘प्रायश्चित्त करा’ असा घेतला जाई. इरॅस्मसने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार टीपांसह मुद्रित केला. मूळ शब्दाचा रोख मनाच्या पालटाकडे आहे, हे अशा अभ्यासामुळे स्पष्ट झाले. मराठीत ‘प्रायश्चित्त’ आणि ‘पश्चात्ताप’ या शब्दांत जे अंतर आहे, तेच येथे निर्णायक ठरले. प्रायश्चित्त हे विहित कर्म असते. ते मोजता येते, सांगता येते, आणि म्हणून त्याचे मोलही ठरविता येते. पश्चात्ताप ही अंतःकरणाची अवस्था असल्याने तिचा बाजार मांडता येत नाही. ख्रिस्ती माणसाचे अवघे आयुष्यच पश्चात्तापरूप असावे, या आशयाचे ल्यूथरचे पहिले विधान याच भेदावर उभे आहे. विधाने लॅटिनमध्ये होती. परंतु १५१८ मध्ये त्याने याच विषयावर लिहिलेले जर्मन प्रवचन दोन-तीन वर्षांत वीसहून अधिक वेळा छापले गेले. वाद विद्यापीठातून बाजारपेठेत आला तो लोकभाषेमुळे.

२

भवितव्य विकता येत नाही एवढे सिद्ध झाल्यावर ते कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न अधिकच तीव्र झाला. १५२४ मध्ये इरॅस्मसने मानवी इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडणारा ग्रंथ लिहिला. मोक्षाच्या बाबतीत माणसाची इच्छा बद्ध आहे, सर्व काही ईश्वरी कृपेवर अवलंबून आहे, असे प्रत्युत्तर ल्यूथरने १५२५ मध्ये दिले. पुढे कॅल्व्हिनने ईश्वराच्या पूर्वसंकल्पाचा सिद्धांत अधिक कठोरपणे मांडला.

मराठीत या क्षेत्रात तीन उपयुक्त शब्द आहेत. ‘दैव’ म्हणजे देवाकडून आलेले. ‘नियती’ म्हणजे आधीच ठरलेला, न चुकणारा क्रम. आणि ‘यदृच्छा’ म्हणजे ज्यास हेतूही नाही व नियमही नाही असे घडणे. सुधारकांचा सिद्धांत दैवाचा होता. त्यांच्या दृष्टीने क्षमापत्राचा विक्रेता त्या दैवातच हस्तक्षेप करू पाहत होता. परंतु ज्या प्राचीन रोमन देवतेच्या चक्राने माणसे वर जातात आणि खाली पडतात, ती फॉर्च्युना यदृच्छेची देवता आहे. युरोपीय साहित्यातून ती कधीच लोप पावली नव्हती. युद्धाने तिला पुन्हा सिंहासनावर बसविले.

३

२३ मे १६१८ रोजी प्राग येथे प्रॉटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या प्रतिनिधींना राजवाड्याच्या खिडकीतून खाली फेकले, आणि तीस वर्षांच्या युद्धास तोंड फुटले. १६२९ च्या शाही आदेशाने प्रॉटेस्टंटांकडे गेलेल्या चर्चच्या मालमत्ता परत मागितल्या. म्हणजे श्रद्धेच्या वादात जमीनजुमल्याचा वाद मिसळलेलाच होता. १६३१ मध्ये माग्देबुर्ग शहर बेचिराख झाले आणि सुमारे वीस हजार माणसे प्राणास मुकली. १६३५ मध्ये कॅथलिक फ्रान्स हा प्रॉटेस्टंट स्वीडनच्या बाजूने उघडपणे रणांगणात उतरला. धर्माचे नाव आणि युद्धाचे कारण यांची फारकत तेव्हा सर्वांस दिसू लागली.

हान्स याकोब क्रिस्टोफेल फॉन ग्रिमेल्सहाउझेन याचे बालपण या युद्धातच गेले. ल्यूथरपंथी गेल्नहाउझेन गावी त्याचा जन्म झाला. १६३४ मध्ये ते गाव लुटले गेले. पुढे तो सैन्यात ओढला गेला, एका रेजिमेंटचा लेखनिक झाला आणि कॅथलिक पंथात गेला. दोन्ही पंथ त्याने आतून पाहिले. १६६८ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या ‘सिम्प्लिसिसिमुस’ या त्याच्या कादंबरीचे बळ या दुहेरी अनुभवात आहे.

कादंबरीचा नायक एका शेतकऱ्याकडे वाढलेला अजाण मुलगा आहे. सैनिक येऊन घर लुटतात, माणसांचा छळ करतात. शेतकऱ्याच्या तळपायांना मीठ चोळून ते बकरीकडून चाटविले जाते. तो हसत हसत पुरलेले धन दाखवून देतो. मुलगा हे सारे निर्विकारपणे सांगतो. उलट, हसत कबुली देणारा हाच त्यांच्यात सर्वांत सुदैवी, असे त्याला वाटते. ‘सुदैव’ या कल्पनेचा याहून भेदक उपरोध क्वचितच आढळेल. इरॅस्मसने १५११ च्या आपल्या ग्रंथात मूर्खतेलाच वक्ती करून युद्धखोर धर्माधिकाऱ्यांची हजेरी घेतली होती. ग्रिमेल्सहाउझेनचा भोळा निवेदक त्याच परंपरेतला आहे. फरक एवढाच की मूर्खता व्यासपीठावरून बोलते, तर हा मुलगा राखेच्या ढिगाजवळून बोलतो.

पुढे वनवासी तपस्व्याकडून हा मुलगा शुभवर्तमान शिकतो आणि हानाउच्या किल्ल्यात आल्यावर तेथील ख्रिस्ती लोकांचे वर्तन त्या शिकवणीशी ताडून पाहू लागतो. सुधारकांनी पोपच्या दरबारास लावलेली कसोटी येथे सर्वांनाच लागू होते. एक कॅल्व्हिनपंथी पाद्री त्याला आपल्या पंथात ओढू पाहतो, तेव्हा सर्व पंथ परस्परांस खोटे ठरवीत असताना कोणावर विश्वास ठेवावा, असा प्रश्न तो विचारतो. कॅथलिक तीर्थयात्रेचीही सुटका नाही. बुटांत वाटाणे घालून चालण्याचे व्रत नायक घेतो खरे, पण वाटाणे उकडून घेतो. विहित कर्म आणि अंतःकरण यांतील जो भेद ल्यूथरने वादाचा विषय केला, तो येथे एका उकडलेल्या वाटाण्यात सामावला आहे.

४

कादंबरीतील नियतीचे चित्रण याच दृष्टीने वाचले पाहिजे. नायकाच्या स्वप्नात युद्ध वृक्षाच्या रूपाने दिसते. मुळाशी शेतकरी व कष्टकरी दडपलेले आहेत. फांद्यांवर सैनिक आहेत. वरचा पडला की खालच्यास जागा मिळते. हे फॉर्च्युनाचे चक्रच होय. परंतु बुंध्याचा एक भाग गुळगुळीत आहे. वशिला असल्याखेरीज तो ओलांडता येत नाही. यदृच्छेच्या या वृक्षावरही माणसांनी केलेली व्यवस्था आहे.

दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. भविष्य जाणणाऱ्या एका वृद्धाकडे एक लेफ्टनंट हात पाहण्याचा हट्ट धरतो. या घटकेलाच तुला फाशी होण्याचे संकट आहे, असे वृद्ध सांगतो. संतापलेला लेफ्टनंट त्याला भोसकतो आणि त्या खुनासाठीच तत्काळ फाशी जातो. भविष्य खरे ठरले. परंतु ते खरे ठरले लेफ्टनंटाच्या स्वतःच्या क्रोधामुळे. नियतीने येथे मानवी कृतीखेरीज दुसरे साधन वापरलेले नाही, आणि म्हणून शिक्षाही न्याय्य ठरते.

यावरून ग्रिमेल्सहाउझेनची भूमिका स्पष्ट होते. तो दैव नाकारीत नाही. जगाचे अस्थैर्य हा तर त्याच्या ग्रंथाचा स्थायी सूर आहे. मात्र माणसाने आपल्या लोभाला आणि क्रौर्याला ‘दैव’ हे नाव द्यावे, हे त्यास मान्य नाही. क्षमापत्राच्या विक्रेत्याने ईश्वरी क्षमेच्या नावाखाली कर्जफेड केली. तीस वर्षांच्या युद्धातील सेनानींनी धर्माच्या नावाखाली लूट केली. दोन्ही ठिकाणी पवित्र शब्द आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतील अंतर उघडे करणे हेच टीकेचे कार्य होते. ल्यूथरने ते ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ पुढे ठेवून केले. ग्रिमेल्सहाउझेनने ज्या मुलास शब्दांचे रूढ अर्थ अद्याप कळलेलेच नाहीत, त्याच्या तोंडी कथा घालून केले. १६७० मध्ये त्याने निर्माण केलेली कुराश ही स्त्री बेर्टोल्ट ब्रेख्टच्या नाटकातून १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धुमाळीत, झुरिकच्या रंगभूमीवर पुन्हा उभी राहिली. युद्धाला दैवाची करणी समजून त्यावर आपली गाडी चालविणारी माणसे तोवर नाहीशी झाली नव्हती, हेच त्यावरून दिसते.