डबलसीट: मागे बसणाऱ्याच्या पाठीला हादरे का बसतात?

मागच्या भागानंतर तुमचे बरेच प्रश्न आले. त्यातला एक प्रश्न वेगवेगळ्या गावांहून, वेगवेगळ्या शब्दांत आलाय. इंदूरच्या एका काकांनी तो सगळ्यात नेमका विचारलाय. ते म्हणतात, "मी एकटा असलो की गाडी मस्त पळते. मागे हिला बसवलं की दर खड्ड्याला ही कळवळते. गाडी तीच, रस्ता तोच. मग दोष कोणाचा?"

दोष काकूंचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. आणि त्या नाजूक आहेत असंही नाही. मागे बसणाऱ्याला खरोखरच जास्त हादरे बसतात. का, ते आधी समजून घेऊ, म्हणजे उपाय आपोआप कळतील.

पहिलं कारण जागेचं. साध्या मोटरसायकलच्या दोन चाकांच्या आसांमध्ये साधारण १२५० मिलिमीटर अंतर असतं. मागचा माणूस मागच्या आसाच्या समजा २५० मिलिमीटर पुढे बसला. म्हणजे त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा पुढच्या चाकावर जातो आणि बाकी सगळं मागच्या. वजन ६० किलो असेल तर १२ किलो पुढे, ४८ किलो मागे. चालवणारा मधोमध बसतो, त्याला दोन्ही चाकांच्या उड्या थोड्या थोड्या वाटून येतात. मागचा मात्र जवळजवळ चाकाच्या डोक्यावरच बसलेला असतो. चाक उडालं की तो उडाला.

दुसरं कारण डोळ्यांचं. तुम्हाला खड्डा दिसतो, हँडल हातात असतं, पाय नकळत घट्ट होतात. शरीर तयार असतं. मागच्याला दिसतं काय? तुमचं हेल्मेट. हादरा येतो तेव्हा तो सैल बसलेला असतो आणि सगळा दणका बैठकीतून थेट मणक्यात जातो. बसलेलं शरीर खालून वर येणाऱ्या कंपनांना, त्यातही सेकंदाला ४ ते ८ वेळा होणाऱ्या कंपनांना, सर्वांत हळवं असतं. खराब रस्त्यावर गाडी अशा कंपनांचाही भरपूर प्रसाद देते.

आता उपायांकडे येऊ. मी ते फुकटापासून खर्चिकापर्यंत अशा क्रमाने सांगतो. क्रम मोडू नका. बरेच जण पहिल्याच दिवशी नवीन सीट शिवून घेतात आणि मग म्हणतात, काही फरक नाही.

पहिला उपाय, हवा. चेनच्या कव्हरवर किंवा मागच्या चाकाजवळ एक छोटं स्टिकर असतं. त्यावर मागच्या चाकाच्या हवेचे दोन आकडे असतात, एकट्यासाठी वेगळा आणि डबलसीटसाठी वेगळा. काही गाड्यांत हा फरक १० पीएसआयहूनही जास्त असतो. स्टिकर निघून गेलं असेल तर गाडीच्या पुस्तिकेत बघा. आता इथे दोन्ही बाजूंनी घोळ होतो. एकट्याच्या हवेवर दोघं बसलात तर टायर दबतो, तापतो, गाडी वळणावर डोलते आणि खड्ड्यात रिमला मार बसतो. उलट पंक्चरवाल्याने अंदाजाने ठासून हवा भरली आणि तुम्ही एकटे फिरलात, तर टायर दगडासारखा होतो. म्हणून आकडा बघा, आणि टायर थंड असताना भरा. चालून आलेल्या गाडीच्या टायरमधली हवा तापून फुगलेली असते, गेज जास्त दाखवतं.

दुसरा उपाय, मागचे शॉकअप. स्प्रिंगच्या खालच्या टोकाला पायऱ्या असलेली एक चकती दिसेल. बऱ्याच गाड्यांत पाच पायऱ्या असतात. ती फिरवायचा आकड्याच्या आकाराचा पाना गाडीसोबत मिळतो. तो बहुतेकांनी आजवर पिशवीतून काढलेलाच नसतो!

ही चकती काय करते, ते नीट समजून घ्या, कारण इथे मोठा गैरसमज आहे. लोक म्हणतात, पायरी वाढवली की स्प्रिंग कडक होते. स्प्रिंग तितकीच कडक राहते. चकती फक्त तिला आधीपासून थोडी दाबून ठेवते, त्यामुळे वजन आल्यावर गाडी कमी बसते. उदाहरण घेऊ. मागच्या चाकाला वर-खाली व्हायला एकूण ९० मिलिमीटर जागा आहे. एकटे बसलात तर गाडी ३० मिलिमीटर दबते, उरले ६०. मागे माणूस बसल्यावर ५५ दबली, उरले ३५. आता ४० चा खड्डा आला की शॉकअप पार तळाला जाऊन आपटतो. तो जो "ठक्" आवाज येतो ना, तोच काकूंच्या पाठीत जातो. पायरी वाढवली की ही गेलेली जागा थोडी परत मिळते.

घरी मोजता येतं. गाडी मधल्या स्टँडवर लावा, मागचं चाक अधांतरी हवं. आसापासून सरळ वर सीटखालच्या एका खुणेपर्यंतचं अंतर मोजा. मग गाडी स्टँडवरून काढून दोघं नेहमीसारखे बसा, पाय वर घ्या. एकाला गाडी सरळ धरायला सांगा आणि दुसऱ्याला तेच अंतर परत मोजायला. दोन्हींतला फरक एकूण जागेच्या साधारण एक-तृतीयांश असेल तर उत्तम. जास्त असेल तर एकेक पायरी वाढवा. दोन शॉकअप असतील तर दोन्ही बाजू सारख्याच पायरीवर ठेवा. आणि एकटे फिरायला निघालात की परत खाली आणा, नाहीतर गाडी तुम्हाला उडवेल.

याचा आणखी एक फायदा आहे. मागून गाडी बसली की हेडलाइट वर बघायला लागतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. पायरी लावली की उजेड परत रस्त्यावर येतो.

सगळ्यात वरच्या पायरीवरही गाडी आपटत असेल तर? मग शॉकअप तपासा. मागचा भाग हाताने जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन थांबली पाहिजे. दोन-तीनदा हिंदकळली, किंवा दांड्यावर तेल दिसलं, तर आतला दाब गेला. तेव्हा पायरी वाढवून उपयोग नाही, शॉकअप बदला.

तिसरा उपाय, बैठक. मऊ म्हणजे आरामशीर, असं दुकानात पाच मिनिटं बसून वाटतं. अर्ध्या तासाने मऊ फोम पूर्ण दबतो आणि तुम्ही खालच्या पत्र्यावर किंवा प्लॅस्टिकवर बसलेले असता. म्हणून कारागिराला सांगा, फोम घट्ट हवा, वर पातळ मऊ थर चालेल. मागची बैठक पुढे उतरती नको, नाहीतर ब्रेक लागला की मागचा माणूस तुमच्या पाठीवर घसरतो आणि पुन्हा मागे सरकता सरकता दमतो. जेलची गादी घेणार असाल तर ती उन्हात चांगलीच तापते, हेही लक्षात असू द्या.

मागच्याच्या पायांना आणि हातांना टेकू हवाच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागे बसणाऱ्यासाठी पकडायला कडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक झाकणारं संरक्षण मागतो. आपलं साडीगार्ड ते हेच. गाडी "स्पोर्टी" दिसावी म्हणून ते काढून टाकणाऱ्यांनी ओढणी चाकात अडकली तर काय होईल, याचा क्षणभर विचार करावा.

चौथा उपाय तुमच्या हातात आहे, अगदी शब्दशः. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकातला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता यावा असा. आपल्या गल्लीतला गतिरोधक तसा नसतो, हे मी सांगायला नको. म्हणून ब्रेक आधी लावा आणि चाक चढायच्या आत सोडा. ब्रेक दाबलेलाच राहिला तर पुढचा शॉकअप आधीच दबलेला असतो, मग हादरा झेलायला जागा कुठली? आणि तोंडाने सांगा, "खड्डा!" एवढा एक शब्द. मागच्याने फूटरेस्टवर जोर देऊन अंग किंचित उचललं की गुडघेच स्प्रिंगचं काम करतात. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलं तर हे सहज जमतं, एका बाजूला बसून नाही.

एक स्पष्ट सांगतो. कुणाला मणक्याचा त्रास असेल, पायात मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. शॉकअपची पायरी हा त्यावर इलाज नाही.

हे सगळं मी एवढ्या तपशिलाने का सांगतोय? कारण मागे बसणारी माणसं फारशी तक्रार करत नाहीत. आई, वडील, बायको, कुणीही असो. पाठ दुखली की ती एवढंच म्हणतात, "आज नको, तूच जाऊन ये." मग लग्नं राहतात, देऊळ राहतं, बहिणीचं घर राहतं. गाडी दारात उभी असते आणि माणूस घरात अडकतो.

तेव्हा या रविवारी हवा भरा, टेप घेऊन माप काढा, मागच्या माणसाला विचारत एकेक पायरी लावा. आणि जमलं तर दहा मिनिटं स्वतः मागे बसून बघा. तुमचे आकडे मला कळवा. पुढच्या भागात चेन आणि गिअरचे झटके घेऊ.