सारसाचे राखणदार

उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच पक्षी कोणता, हे तुम्हांला ठाऊक आहे का? तो आहे सारस. त्याची उंची सुमारे ६ फूट असते. अंग राखाडी, पाय लांब आणि डोके व मानेचा वरचा भाग लालभडक. महाराष्ट्राच्या ईशान्य कोपऱ्यातील गोंदिया जिल्हा हे त्याचे राज्यातील मुख्य घर आहे. पण राज्यातले सगळे सारस मोजले, तरी त्यांची संख्या शंभर भरत नाही.

गोंदिया हा तळ्यांचा आणि धानाचा, म्हणजे भाताचा, जिल्हा. पावसाळ्यात सारसाची जोडी तळ्याच्या काठी किंवा धानाच्या शेतात गवताचे मोठे घरटे करते. मादी बहुधा दोनच अंडी घालते. नर आणि मादी ती पाळीपाळीने सुमारे एक महिना उबवतात. त्यानंतर पिल्लाला उडता येईपर्यंत आणखी सुमारे तीन महिने जातात. तोवर भटकी कुत्री आणि शेतात फवारलेली विषारी औषधे यांचा धोका असतो. मोठ्या पक्ष्यांना विजेच्या तारांचे भय असते.

या पक्ष्याची राखण एकटा माणूस करू शकेल का? नाही. शेतकरी रोज शेतात असतो, म्हणून घरटे आधी त्यालाच दिसते. वनरक्षकाला कायदा माहीत असतो, पण तो प्रत्येक बांधावर उभा राहू शकत नाही. जखमेवर उपचार पशुवैद्य करतात, पण त्यांना वेळेवर निरोप मिळायला हवा. म्हणून गोंदियात 'सेवा' ही संस्था, गावोगावचे शेतकरी आणि वनविभाग हे काम मिळून करतात.

त्यांच्या कामाचे एक उदाहरण पाहू. उन्हाळ्याच्या शेवटी, जून महिन्यात, सारसांची गणना होते. वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या पलीकडे मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा आहे. पक्ष्याला राज्याची सीमा कळत नाही. एकच तुकडी सगळीकडे फिरली, तर उडून गेलेली जोडी पुन्हा मोजली जाईल. म्हणून वेगवेगळ्या तुकड्या पहाटेच आपापल्या जागी पोहोचतात. किती पक्षी दिसले, किती वाजता दिसले आणि कोणत्या दिशेला उडाले, हे टिपून ठेवले की मग सर्वांच्या नोंदी ताडून पाहता येतात. एखाद्या तुकडीला एकही सारस दिसला नाही, तर तिने तसेच लिहिले पाहिजे. संख्या वाढवून लिहिली, तर सर्वांची मेहनत वाया जाते.

दुसरी गोष्ट विश्वासाची. शेतात घरटे झाले की थोडे पीक आडवे होते. शेतकऱ्याचे हे नुकसान खरे असते. त्याला दटावले, तर पुढच्या वर्षी तो घरट्याची खबर देणार नाही. म्हणून आधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि मग घरट्याजवळ औषध न फवारण्याची विनंती करावी. दिलेला शब्द पाळावा. घरट्याजवळ गर्दी करू नये.

प्राण्यांची सेवा करण्यासाठी दया लागतेच, पण दयेबरोबर शिस्तही लागते. समजा, तुम्हां चार मित्रांना एक जखमी पक्षी दिसला. चौघेही त्याच्यावर धावून गेले, तर तो भीतीनेच मरेल. एकाने दूर उभे राहून पक्ष्यावर नजर ठेवावी, दुसऱ्याने कुत्र्यांना हाकलावे, तिसऱ्याने लोकांना मागे थांबवावे आणि चौथ्याने वनविभागाला कळवावे. घरच्या शेळ्या-कोंबड्यांची कामेही अशीच वाटून घेता येतात. आज पाणी कोणी पाजायचे, हे ठरलेले नसेल, तर प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने पाजले असेल, आणि मुके जनावर तहानलेलेच राहते.