मांडीतली गाठ आणि तिच्यातलं हाड

‘मुका मार असेल, तेल लावून चोळा, बसेल.’ पोराच्या मांडीत गाठ दिसली की आपल्याकडे पहिला सल्ला हाच मिळतो. गाठ मारामुळे आली असो वा नसो, ती चोळू नये.

मांसात हाड कसं होईल, असं अनेकांना वाटतं. पण होतं. एक्स्ट्रास्केलेटल ऑस्टिओसार्कोमा या कर्करोगात मऊ ऊतींतल्या पेशीच कच्चं हाड तयार करतात. मऊ ऊतींच्या कर्करोगांत, म्हणजे सार्कोमांत, तो जेमतेम 1 टक्का, तोही बहुधा पन्नाशीनंतर; मुलांत अतिदुर्मीळ. मुलांचा नेहमीचा ऑस्टिओसार्कोमा हाडातच होतो, बहुतेकदा गुडघ्याजवळ.

मग एक्स-रेत मांसात हाड दिसलं की कर्करोगच? नाही. दुखावलेल्या स्नायूत हाड धरणं, म्हणजे मायोसायटिस ऑसिफिकन्स, कितीतरी जास्त आढळतं. ते निरुपद्रवी असतं, पण चोळल्यानं बळावू शकतं. त्यात हाड कडेनं पक्कं होत जातं आणि मधला भाग कच्चा राहतो. कर्करोगात बहुधा याच्या उलट. सुरुवातीच्या आठवड्यांत मात्र एक्स-रे कोराच येऊ शकतो, आणि त्या काळात बायोप्सीसाठी काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली सार्कोमासारखाही दिसू शकतो. म्हणून अहवाल आणि चित्रं शेजारी ठेवूनच वाचावी लागतात.

आणखी एक गोष्ट, जी घाईत राहून जाते: मुलाच्या पायांचे अंगठे बघा. ते जन्मापासून आखूड, बाकीच्या बोटांकडे वळलेले असतील तर एफओपी (फायब्रोडिस्प्लेशिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा) हा जनुकीय आजार असू शकतो. त्यात सुई किंवा चाकू लावला की तिथं नवं हाड धरू शकतं. अशा मुलाची बायोप्सी टाळतात.

बाकीच्यांत ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही भीती नीट केलेल्या बायोप्सीत अनाठायी आहे. नुकसान होतं ते तपासणीविना गाठ कापून टाकल्यानं. एमआरआय आधी, मग बायोप्सी. आणि सुईची वाट पुढच्या शस्त्रक्रियेच्या छेदात येईल अशी. त्यामुळे सुईची जागा शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननंच ठरवलेली बरी. पाय कापावाच लागतो, हाही जुना समज. आज बहुतेकांचा अवयव वाचवता येतो.

गाठ खोल असेल, वाढत असेल किंवा 5 सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, तर दुखत नसली तरी थांबू नये. छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालय आहे, आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरचे उपचार येतात. रेशनकार्ड सोबत न्या. बायोप्सी आधीच झाली असेल तर नुसता कागद नको, स्लाइड आणि मेणाचे ब्लॉकही मागून घ्या.