गांडुळाची देहगुहा
गंगेच्या मैदानातील ओलसर मातीत आढळणाऱ्या फेरेटिमा गांडुळावर लखनौ विद्यापीठातील कर्म नारायण बहल यांनी १९२६ मध्ये प्रबंध प्रसिद्ध केला आणि तो भारतीय प्राणिशास्त्राच्या अध्यापनात प्रमाणभूत ठरला. देहगुहा म्हणजे आतडे व शरीरभिंत यांमधील द्रवयुक्त पोकळी. गर्भातील मध्यस्तराचे अस्तर तिला सर्व बाजूंनी असेल, तरच ती खरी मानतात. पट्टकृमीत ती नसतेच, जंतात आतड्याच्या बाजूला हे अस्तर नसल्याने ती आभासी म्हटली जाते, तर झुरळात ती खुरटून रक्ताने भरलेली पोकळीच मुख्य ठरते. गांडुळात आडव्या पडद्यांनी तिचे कप्पे पडतात, त्यांतील द्रवाच्या दाबामुळे हाडांविनाही स्नायूंना आधार मिळतो आणि पाठीवरील बारीक छिद्रांतून झिरपणारा हाच द्रव त्वचा ओली ठेवतो. बहल यांचे अधिक लक्षणीय काम मात्र वृक्ककांवरचे, म्हणजे सूक्ष्म उत्सर्जक नळ्यांवरचे आहे: पडद्यांवरील वृक्कके देहगुहेतील टाकाऊ द्रव शरीराबाहेर न टाकता आतड्यात सोडतात, हे त्यांनी १९१९ मध्ये दाखवले, आणि आतड्यात पाणी पुन्हा शोषले जात असल्याने कोरड्या दिवसांत ते वाचते, असे या रचनेचे स्पष्टीकरण दिले जाते.